यॉर्क ते कॉक्सवोल्ड: लॉरेन्स स्टर्नच्या मुलखात

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्क शहरात कॅथीड्रलकडे जाणारा स्टोनगेट नावाचा चिंचोळा रस्ता आहे. तिथल्या एका दारावर बायबलची प्रतिकृती बसवलेली दिसते आणि तिच्यासोबत १६८२ हे साल. जवळच्याच एका कोपऱ्यावर, छपराखाली लाल रंगाचा, शिंगं असलेला एक छोटा सैतान बसलेला आहे. छापखान्यातल्या पोऱ्याला त्या काळी सैतान म्हणत, त्याची ही खूण. पुस्तकं छापणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची ही गल्ली होती. बायबलच्या खुणेच्या या दुकानात १७५९च्या डिसेंबरात दोन छोटे खंड विकायला आले: ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’. त्यांवर लेखकाचं नाव नव्हतं. लेखक होता जवळच्याच खेड्यातला, चर्च ऑफ इंग्लंडचा एक पाद्री, वय ४६. एकवीस वर्षं तो बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आणि रविवारची प्रवचनं यांतच गुंतलेला होता.

लंडनच्या डॉड्स्ली या प्रकाशकाकडे त्याने आधी हस्तलिखिताचे पन्नास पौंड मागितले होते. डॉड्स्लीने नकार दिला, तेव्हा पुस्तक यॉर्कमध्येच ॲन वॉर्ड या बाईंच्या छापखान्यात छापून घेतलं गेलं. मार्च १७६० मध्ये हा पाद्री लंडनला पोहोचला, तर सगळं शहर त्याच्याच पुस्तकाबद्दल बोलत होतं. आता त्याच डॉड्स्लीने पहिल्या दोन खंडांच्या हक्कांसाठी अडीचशे पौंड मोजले. जोशुआ रेनॉल्ड्सने त्याचं तैलचित्र काढलं, विल्यम होगार्थने नव्या आवृत्तीसाठी चित्र दिलं. लॉरेन्स स्टर्नची ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात बहुधा इथपासून, म्हणजे लंडनपासून सांगितली जाते. यॉर्कहून उत्तरेला सटन, स्टिलिंग्टन आणि कॉक्सवोल्ड या तीन गावांवरून जाणारी वाट धरली, की लक्षात येतं की पुस्तक लंडनने गाजवलं खरं, पण ते घडलं या वीस मैलांत.

आधी यॉर्कचं कॅथीड्रल, म्हणजे मिन्स्टर. रंगीत काचांच्या प्रचंड खिडक्यांखाली उभं राहिलं की या चर्चचा दरारा जाणवतो. स्टर्नचे पणजोबा याच यॉर्कचे आर्चबिशप होते. घराण्याची ही पुण्याई नातवंडा-पतवंडांपर्यंत सारखी झिरपली नाही. स्टर्नचे वडील सैन्यात अगदी खालच्या हुद्द्यावर होते. स्टर्नचा जन्म १७१३ साली आयर्लंडमधल्या क्लॉनमेल गावी झाला आणि बालपण या छावणीतून त्या छावणीत गेलं. भावंडं वाटेतच दगावत गेली. वडील जिब्राल्टरमधल्या एका द्वंद्वयुद्धात जबर जखमी झाले आणि पुढे १७३१ मध्ये जमैकात तापाने गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात स्टर्न शिकला तो गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीवर. तिथेच एका रात्री त्याच्या तोंडातून रक्त आलं. क्षयाने तेव्हा जी पाठ धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. पाद्री होणं हा अशा मुलापुढचा त्यातल्या त्यात बरा मार्ग होता, कारण काका जॅक्स स्टर्न यॉर्कच्या चर्चमधलं बडं प्रस्थ होते.

काकांनी पुतण्याला चिकटवलं, पण त्याचं मोलही मागितलं. निवडणुकांच्या धामधुमीत काकांच्या पक्षासाठी वर्तमानपत्रांत लेख लिहायचे, हे ते मोल. काही काळाने पुतण्याला याचा उबग आला, दोघांचं बिनसलं आणि बढतीचा रस्ताही तिथेच खुंटला. मिन्स्टरमध्ये पाळीपाळीने प्रवचन द्यायचा मान असलेले बडे पाद्री स्वतः यायला कंटाळायचे. त्यांच्याऐवजी उभं राहून स्टर्न चार पैसे मिळवी. १७५० मध्ये न्यायाधीशांच्या दौऱ्याच्या वेळी त्याने इथे सदसद्विवेकबुद्धी माणसाला कशी फसवते यावर प्रवचन दिलं. ते छापलंही गेलं, पण खपलं नाही. नऊ वर्षांनी त्याने तेच प्रवचन ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’च्या दुसऱ्या खंडात घातलं. कादंबरीत ते वाचून दाखवतो कॉर्पोरल ट्रिम नावाचा एक साधा शिपाई, आणि वाचता वाचता आपल्या कैदेतल्या भावाच्या आठवणीने रडू लागतो. मिन्स्टरच्या व्यासपीठावरून जे जमलं नाही, ते एका कल्पित शिपायाच्या तोंडून जमून गेलं.

मिन्स्टरपासून हाकेच्या अंतरावर लाल विटांचं एक देखणं घर आहे. इथे डॉक्टर जॉन बर्टन राहात. प्रसूतिशास्त्रावर त्यांनी १७५१ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पुढे घोड्यांच्या चित्रांसाठी अजरामर झालेल्या जॉर्ज स्टब्जने त्या ग्रंथासाठी आकृत्या कोरल्या होत्या. स्टर्नच्या कादंबरीतला डॉक्टर स्लॉप हा या बर्टनवरूनच बेतलेला. नायकाच्या जन्माच्या वेळी तो नवा चिमटा घेऊन येतो आणि बाळाचं नाक चेपून ठेवतो. बर्टन हे खरोखरचे विद्वान होते. काका जॅक्स यांच्याशी त्यांचं राजकीय वैर होतं आणि १७४५च्या बंडाच्या वेळी त्यांना तुरुंगातही जावं लागलं. स्टर्नने त्यांच्यावर अन्यायच केला, असं घर पाहताना वाटत राहतं.

आणखी एक गोष्ट यॉर्कमध्येच समजून घ्यायला हवी. त्या काळी मृत्युपत्रं, लग्नाचे तंटे, इतकंच नव्हे तर सुइणींचे परवानेही चर्चच्या न्यायालयांच्या अखत्यारीत असत. या न्यायालयांतल्या जागा मिळकतीच्या, म्हणून त्यांवरून कुरघोड्या ठरलेल्या. १७५९च्या सुरुवातीला अशाच एका भांडणावर स्टर्नने ‘अ पोलिटिकल रोमान्स’ ही उपरोधिक पुस्तिका लिहिली. वरिष्ठ हादरले आणि प्रती जाळून टाकायला लावल्या. अगदी थोड्या वाचल्या. चर्चमध्ये वर चढण्याची उरलीसुरली आशाही त्या आगीत गेली. पण आपल्याला लिहिता येतं हे त्याला याच पुस्तिकेने कळलं. वर्ष संपायच्या आत कादंबरीचे दोन खंड तयार होते.

शहर सोडून उत्तरेला निघालं की जमीन सपाट होते. एकेकाळी इथे गॅल्ट्रेसचं राजराखीव जंगल होतं. आज दोन्ही बाजूंना कुंपणझुडपांनी आखलेली शेतं दिसतात. ही आखणी प्रवाशाला निसर्गासारखीच जुनी वाटते, पण तिच्यातली बरीचशी अठराव्या शतकातली आहे. गावाची सामाईक कुरणं आणि विखुरलेले पट्टे पार्लमेंटच्या कायद्याने एकत्र करून बड्या खातेदारांना सलग जमिनी वाटून दिल्या गेल्या. सटनसाठी असा कायदा १७५६ मध्ये झाला. त्याचा फायदा झालेल्यांत गावचा पाद्रीही होता.

सटन-ऑन-द-फॉरेस्ट हे लांबट, शांत गाव आहे. १७३८ मध्ये स्टर्न इथे आला. गावच्या पाद्र्याचं उत्पन्न म्हणजे चर्चच्या नावची जमीन आणि गावकऱ्यांच्या उत्पन्नातला दशांश. आपल्याकडचं देवस्थान इनाम डोळ्यांसमोर आणलं तर ही व्यवस्था लवकर समजते. फरक इतकाच, की इथे पाद्री कोणाला नेमायचं हा हक्क बहुधा एखाद्या उमरावाकडे किंवा मोठ्या धर्माधिकाऱ्याकडे असे, आणि तो हक्क मालमत्तेसारखा विकतही घेता येई. एकाच पाद्र्याकडे दोन-तीन गावं असणं सर्रास चाले. स्टर्नकडेही १७४४ पासून शेजारचं स्टिलिंग्टन आलं.

सटनच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत स्टर्नने स्वतःच्या संसाराच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. घराला नव्या सरकत्या खिडक्या बसवल्याचा खर्च, भिंतींना केलेला गिलावा, बागेत लावलेली फळझाडं, गावावर पडलेल्या जबर गारा. चर्चच्या अधिकृत कागदावर असं घरगुती काही लिहावं का, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. बाप्तिस्मा झालेल्या पोराच्या नावाशेजारी पाद्र्याच्या घराचा हिशेब! ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ वाचलेल्या माणसाला ही सवय ओळखीची वाटेल. मुख्य विषय बाजूला ठेवून मनात आलेलं आधी सांगून टाकायचं, ही त्या कादंबरीची चालच आहे. नायक आपली जीवनकथा सांगायला बसतो, आणि तिसरा खंड येईतो त्याचा जन्मच होत नाही.

इथे त्याने शेती केली, दुभत्याचा धंदा केला, आणि तोट्यात गेला. पत्नी एलिझाबेथ लम्ली हिच्याशी त्याचं लग्न १७४१ मध्ये मिन्स्टरमध्येच झालं होतं. दोघांचं फारसं पटलं नाही. मुलांमधली लिडिया तेवढी जगली. पहिले खंड लिहिले जात होते त्याच सुमारास एलिझाबेथच्या मनाचा तोल ढळला होता. घरातल्या त्या काळोखात हा माणूस इतकं हसरं पुस्तक लिहीत होता, हे सटनमध्ये फिरताना विसरता येत नाही. त्याचं ते पाद्रीघर आता बघायला मिळत नाही. १७६५ मध्ये ते जळालं.

स्टिलिंग्टन तिथून दोन-अडीच मैलांवर. इथल्या क्रॉफ्ट घराण्याने दोन आठवणी जपल्या. एक अशी: रविवारी प्रवचनाला चालत येताना स्टर्नच्या कुत्र्याने तित्तिर हेरले, तर हा बंदूक आणायला घरी परतला आणि चर्चमध्ये गावकरी वाट बघत राहिले. दुसरी अशी: जेवणानंतर क्रॉफ्ट यांच्या घरी त्याने कादंबरीचं हस्तलिखित वाचायला घेतलं, मंडळी पेंगू लागली, तसा चिडून त्याने कागद शेकोटीत भिरकावले. यजमानांनी ते ओढून काढले. आठवणी सांगोवांगीच्या आहेत, पण माणसाचा स्वभाव त्यांत नेमका उतरला आहे.

पुढे इझिंगवोल्डनंतर जमीन उंच व्हायला लागते. क्षितिजावर हॅम्बल्टन टेकड्यांचा कडा दिसतो आणि त्यावर कोरलेला किलबर्नचा पांढरा घोडा. हा घोडा १८५७ चा, म्हणजे स्टर्नने तो पाहिलेला नाही. कॉक्सवोल्ड गाव एका उतारावर वसलेलं आहे. रुंद रस्ता, दोन्ही कडांना गवताचे पट्टे, मधाळ रंगाच्या दगडांची बैठी घरं, वर चर्च. १७६० मध्ये, कीर्तीच्या पहिल्याच लाटेत, लॉर्ड फॉकनबर्ग यांनी हे गाव स्टर्नला दिलं. फॉकनबर्गांची न्यूबरो प्रायरी गावाबाहेरच आहे. क्रॉमवेलच्या मुलीने या घराण्यात लग्न केलं होतं. त्यामुळे क्रॉमवेलचा देह याच घरात दडवला आहे, असं इथले लोक सांगतात.

सेंट मायकेल चर्चचा मनोरा अष्टकोनी आहे. आत फॉकनबर्ग घराण्याच्या भव्य संगमरवरी समाध्यांनी इतकी जागा अडवली आहे, की वेदीचा कठडा जिभेसारखा लांबट करून पुढे आणावा लागला. गावकऱ्यांनी गुडघे टेकायचे ते उमरावांच्या पूर्वजांच्या सावलीत. स्टर्नची स्वतःची कबर बाहेर, चर्चच्या भिंतीलगत आहे, आणि ती इथे आली कशी ही हकीकत विलक्षण आहे.

१८ मार्च १७६८ ला लंडनमधल्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोलीत तो वारला. जवळच एका मेजवानीला जमलेल्या त्याच्या मित्रांनी त्याची चौकशी करायला जॉन मॅकडोनल्ड नावाच्या नोकराला पाठवलं होतं. शेवटचा क्षण पाहिला तो या नोकराने. (हाच मॅकडोनल्ड पुढे कर्नल डाऊ यांच्या नोकरीत मुंबईला आला आणि त्याने आपला प्रवासवृत्तान्त लिहिला.) हाइड पार्कजवळच्या दफनभूमीत स्टर्नला पुरलं. शरीररचना शिकवण्यासाठी तेव्हा प्रेतं मिळत नसत, म्हणून ती चोरणाऱ्यांचा धंदा जोरात होता. स्टर्नचं प्रेत चोरीला गेलं आणि केंब्रिजमध्ये, म्हणजे त्याच्याच विद्यापीठात, विच्छेदनाच्या मेजावर कुणीतरी त्याला ओळखलं, अशी वदंता त्याच काळात पसरली. ते गुपचूप परत पुरलं गेलं म्हणत. दोनशे वर्षांनी दफनभूमीवर इमारती उठणार असं ठरलं, तेव्हा स्टर्न ट्रस्टच्या लोकांनी त्याच्या दगडाजवळ खोदकाम करून घेतलं. तिथे करवतीने माथा कापलेली एक कवटी सापडली. शिल्पकार नोलेकेन्सने स्टर्नचा अर्धपुतळा त्याच्या हयातीत केला होता. त्या पुतळ्याच्या मापांशी कवटीची मापं ताडून पाहिली, ती जुळली. १९६९ मध्ये ते अवशेष कॉक्सवोल्डला आणले गेले.

चर्चवरून पुढे गेलं की स्टर्नचं घर, शँडी हॉल लागतो. पंधराव्या शतकातलं हे घर पुढे विटांनी मढवलं गेलं. त्याची एक धिप्पाड चिमणी आहे आणि छप्पर जागोजाग वाकलेलं. दारावरची दगडी पाटी ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ इथे लिहिली असं सांगते. पहिले दोन खंड सटनचे, हे मघाशी आलंच आहे. १९६० च्या दशकात घर मोडकळीला आलं होतं. केनेथ मंकमन आणि त्यांच्या पत्नी ज्युलिया यांनी ते उभं केलं आणि १९७३ पासून ते लोकांना खुलं झालं. अभ्यासिका अगदी छोटी आहे. चार पावलांत संपते. पुस्तकांच्या भिंती, खिडकी, टेबल. युरोपभर वाचलं गेलेलं पुस्तक एवढ्याशा जागेत वाढलं, हे पाहून माणूस थबकतो.

या घरातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तिसऱ्या खंडातलं एक पान. स्टर्नने पहिल्या खंडात यॉरिक या पाद्र्याच्या मृत्यूवर दोन्ही बाजूंनी संपूर्ण काळं पान छापलं होतं. १७६१च्या तिसऱ्या खंडात त्याने त्याच्या पुढची मजल मारली. पसरट भांड्यात डिंकासारखं दाटसर पाणी घ्यायचं, त्यावर रंगांचे थेंब सोडायचे, फणीने ते फिरवायचे आणि त्यावर कागद अलगद टेकवायचा. ही अब्रीची कला. पुस्तकाच्या बांधणीत आतल्या बाजूला असे कागद डकवत असत. स्टर्नने ते मजकुराच्या ऐन मध्यात आणले. समास कोरे राहावेत म्हणून प्रत्येक कागदाच्या कडा दुमडायच्या, एक बाजू रंगवायची, वाळवायची, मग दुसरी. हजारो प्रती, आणि प्रत्येक प्रतीतलं पान निराळं. छापील पुस्तकाची एकही प्रत दुसरीसारखी नाही! सहाव्या खंडात तर वाचकाने स्वतःच नायिकेचं चित्र काढावं म्हणून कोरं पान आहे. २००९ मध्ये शँडी हॉलने ७३ लेखक-चित्रकारांकडून आपापलं काळं पान करून घेतलं, कारण मूळ काळं पान आहे ७३ क्रमांकाचं.

याच घरी १७६६ च्या उन्हाळ्यात इग्नेशियस सँको याचं पत्र आलं. सँको हा आफ्रिकी वंशाचा, मूळचा गुलाम, आता एका उमरावाच्या घरी नोकरीला. स्टर्नची प्रवचनं वाचून त्याने विनंती केली, की गुलामगिरीवर आपण काही लिहावं. स्टर्नने लगेच मनापासून उत्तर दिलं, आणि कादंबरीच्या नवव्या खंडात माशीलाही न मारणारी एक गरीब कृष्णवर्णी मुलगी आली. प्रसंग लहान आहे. पण गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये चळवळ उभी राहायला अजून वीस वर्षं होती, आणि एका माणसाने मागणी करताच लेखकाने पुस्तकात जागा केली, हे त्याच्या प्रवचनांहून मोठं वाटतं.

मराठी प्रवाशाचे पाय शँडी हॉलमध्ये अडतात ते मात्र वेगळ्याच नावापाशी. एलायझा ड्रेपर. जन्म केरळच्या किनाऱ्यावरच्या अंजेंगोचा. चौदाव्या वर्षी मुंबईत तिचं लग्न ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी डॅनियल ड्रेपर यांच्याशी झालं, आणि नवरा वयाने कितीतरी मोठा. मुलांना घेऊन ती इंग्लंडला आली असताना जानेवारी १७६७ मध्ये लंडनच्या जेम्स दांपत्याच्या घरी तिची स्टर्नशी गाठ पडली. ती २२ वर्षांची, तो ५३ चा आणि मरणाच्या वाटेवर. तीन महिन्यांत नवऱ्याच्या बोलावण्यावरून ती मुंबईच्या जहाजावर चढली. स्टर्न तिच्यासाठी रोजनिशी लिहू लागला, आणि कॉक्सवोल्डला परतल्यावरही लिहीत राहिला. तिच्यासाठी त्याने या घरात एक खोली सजवायला घेतली. ती रोजनिशी पुढे बाथ गावात जुन्या रद्दी कागदांत सापडली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात खरी तळमळ आहे, आणि स्वतःच्या तळमळीवरचं प्रेमही. एलायझाला त्यात बोलायला फारशी जागा नाही.

तिचा आवाज तिच्या स्वतःच्या पत्रांत ऐकू येतो. तेल्लिचेरीत ती नवऱ्याचं लेखनाचं कामही सांभाळी. मुलींना शिकवण्याऐवजी फक्त स्थळ मिळवण्यासाठी वाढवतात, याची तिला चीड होती. जानेवारी १७७३ मधल्या एका रात्री माझगावच्या बेल्व्हेडिअर बंगल्याच्या खिडकीतून दोराने उतरून ती बंदरातल्या जहाजावर गेली आणि नवऱ्याला कायमचं सोडलं. १७७८ मध्ये ती ब्रिस्टलला वारली. तिथल्या कॅथीड्रलमध्ये तिचं संगमरवरी स्मारक आहे.

या प्रवासाचा शेवटचा टप्पा म्हणून लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिलवर जायला हवं. दाट झाडीत विटांचा एक त्रिकोणी मनोरा उभा आहे, कोपऱ्यांना बुरूज असलेला. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हे नाव म्हणजे आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग. ज्यांच्या घरी स्टर्नला एलायझा भेटली ते कमोडोर विल्यम जेम्स कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचे अधिकारी होते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यातलं वैर कंपनीच्या पथ्यावर पडलं, आणि एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून जेम्स यांनी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग तोफा डागून जिंकला. किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गावर मराठी आरमारातली आंग्र्यांची जहाजं जळाली. जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी परतले आणि लंडनच्या त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी लेखकमंडळी जमू लागली. मृत्यूच्या काही दिवस आधी स्टर्नने शेवटचं पत्र लिहिलं तेही अ‍ॅन जेम्स यांनाच, आपल्यामागे लिडियाकडे लक्ष द्या म्हणून. नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ मध्ये हा मनोरा बांधला तो याच अ‍ॅन यांनी. स्थानिक स्वयंसेवकांनी डागडुजी करून २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला. वर गेलं की लंडनचा मोठा विस्तार नजरेत मावतो.